सतरा एकांची संख्या

आबेलोनेच्या भागाकारात बाकी शून्य आली आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

ती आणि तिचा नवरा थोरवाल, दोघंही कोपनहेगनला पंचांगाच्या कचेरीत आकडेमोड करता करता म्हातारी झालेली. तिथलीच रीत आता घरात. पाठीला पाठ लावून बसायचं, एकच भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा, मग थोरवालने बाकी वाचायची आणि तिने म्हणायचं, "जुळलं."

एकुलती एक लेक मारेन घटसर्पाने गेली तेव्हा थोरवालने अन्नपाणीच सोडलं होतं. त्याला पुन्हा जेवायला बसवलं ते या संख्येने. ओळीने सतरा एक! एक आणि ती स्वतः सोडून हिला कुठल्याच संख्येने भाग जात नाही, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. गंमत अशी, की भागणारी मूळसंख्या असलीच, तर तिच्यातून एक वजा केल्यावर चौतिसाने पुरता भाग जायलाच हवा. बाकीच्या संख्यांकडे बघायचं कारणच नाही. तरी उरलेल्यांना एक जन्म पुरला नसता, आणि त्याला तेच हवं होतं.

आज पाळी होती वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसची. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा शून्य. संपलं की सगळं!

"बाकी सात," मागून थोरवालने वाचलं. कुठेतरी हातचा विसरला होता मेला. "काय गं, झोपलीस की काय?"

तिने रबराने शून्य पुसलं आणि सात लिहिले. लबाडी म्हणा हवं तर.

"जुळलं," ती म्हणाली.

त्यावर अकरा वर्षं गेली. बिअरमध्ये शिजवलेली ब्रेडची पेज ओरपत तो म्हणायचा, "बघ, माझ्या या सतरा एकांच्या बयेला कुणी हात लावू शकत नाही!" खरं सांगून टाकावं असं तिला दर वेळी वाटायचं, पण त्याची चाटून पुसून रिकामी वाटी बघितली की जीभ रेटायची नाही.

मग मार्चमधल्या एका दुपारी टपालाने गणित मंडळाचं पत्रक आलं. कुण्या फ्रेंच माणसाने सतरा एक फोडले होते. थोरवालने भाजक वाचला, जुन्या वह्या काढल्या. आधी आपली उघडली, मग तिची. दोन्हीकडे सात.

"मी चुकलो, समजलं," तो म्हणाला. "पण पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांची हुबेहूब एकच चूक? कचेरीत चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नाही, आबेलोने."

"मला शून्य आलं होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. सांगितलं असतं तर पुन्हा जेवणावरून उठला असतास. मला तुलाही पुरायचं नव्हतं रे!"

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने दोन्ही वह्या मिटून एकावर एक ठेवल्या.

"मारेन गेली तेव्हा मी बोटीवर अडकलो होतो," तो म्हणाला. "तिला काही त्रास झाला नाही, झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. हे मला तूच सांगितलंस ना?"

आबेलोनेने तोंड उघडलं.

"नको," थोरवाल घाईघाईने म्हणाला. "आता काहीच सांगू नकोस."