डावं-उजवं

रामनाथसाहेबांचा हात पात्याखाली जावा, एवढंच मला हवं होतं. ऐकून कुणाला वाईट वाटत असेल तर वाटो. माझ्या नवऱ्याची, विश्रामची, उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्यापायी गेली, आणि वर चौकशीत साहेब म्हणाले, "या लोकांना डावं-उजवं कळत नाही, मी काय करू?"

तेव्हा तारापूरकडे बांधकामांची धूम होती. अण्णाशेठनी बोईसरला सळया कापायचा कारखाना टाकला, परदेशी यंत्र आणलं आणि माणसं शिकवायला मुंबईहून हे साहेब आणले. त्यांच्याबरोबर चित्रांचा दिवा आला. काचेवरचं चित्र दिव्यात घातलं की समोरच्या चादरीवर भलंमोठं दिसायचं. साहेबांना त्या दिव्याचं कोण कौतुक! "यंत्राला हात न लावता यंत्र शिकाल," म्हणायचे. आमची चिंचणीची माणसं आणि डोंगरातून आलेले बुधासारखे कामकरी आ वासून बघत बसायचे.

चादरीवर एक माणूस यंत्रामागे उभा होता, आपल्याकडे तोंड करून. "त्याच्या जागी स्वतःला उभं करा," साहेब सांगायचे आणि छडी टेकवायचे. हे पायडल पात्याचं, ते कुलपाचं. कुलपाचं दाबून ठेवलं की पातं पडत नाही, मग अडकलेला तुकडा हातानं काढायचा. संपला वर्ग. खऱ्या यंत्रापाशी साहेब फिरकायचे नाहीत, पांढऱ्या पँटला ग्रीस लागतं ना!

खऱ्या यंत्रावर पहिलाच विश्राम त्या माणसाच्या जागी उभा राहिला. उजव्या पायानं कुलूप दाबलं, तुकडा काढायला हात घातला आणि पातं खाली आलं. दवाखान्यात तो एकच गोष्ट सांगत होता. "मी चित्रात होतं तसंच केलं गं शालू. मानूस खोटं बोलेल, चित्र कसं बोलेल?"

अण्णाशेठनी दया म्हणून मला वर्गात झाडलोटीला आणि काचा पुसायला ठेवलं. पहिल्याच दिवशी चादरीकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी लग्नाआधीपासून शर्ट शिवते. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. या बाबाचा उजवीकडे होता! साहेब चहाला गेले तशी मी काच पालटून घातली. खिसा डावीकडे आला आणि कुलपाचं पायडलही डाव्या पायाखाली आलं. साहेब काच उलटी घालत होते. पहिल्यापासून.

तेव्हाच ओरडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. ओरडून काय झालं असतं? साहेब म्हणाले असते, चुकून झालं, आणि बॅग उचलून मुंबईला गेले असते. पाची बोटं घेऊन. मी काच होती तशी उलटी करून ठेवली.

संध्याकाळी जेवताना विश्रामला सगळं सांगितलं. उद्या नवी माणसं शिकायला येणार, शेठ बघायला येणार, आणि मी साहेबांनाच यंत्रावर उभं करणार. विश्राम डाव्या हातानं भात कालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपला तशी मी शेठच्या देखत पुढे झाले. "साहेब, बुधाला काय समजलं नाय. तुमी एकदा करून दाखवा ना, चित्रात हाय तसंच."

शेठ म्हणाले, "दाखवा की." साहेबांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

सगळे यंत्रापाशी गेलो. मोटार घुरघुरायला लागली. साहेबांनी बाही वर केली, चित्रातल्या माणसासारखा उजवा पाय पायडलवर ठेवला आणि हात पात्याखाली घातला. मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं.

त्यांनी पायडल दाबलं. पातं हललं नाही.

"बघा, किती सोपं!" साहेब हसले.

यंत्रामागून विश्राम बाहेर आला. खांद्यावर यंत्राचा पट्टा होता. "साहेब, पट्टा तर माज्याकडं हाय. मोटार नुसतीच फिरते. थांबा, चढवतो, मग परत दाखवा."

मोटार बंद करून त्यानं आणि बुधानं पट्टा चढवला आणि ती पुन्हा सुरू केली. साहेबांचा हात होता तिथे विश्रामनं सळई सारली आणि तेच उजवं पायडल दाबलं. खण्णकन सळई तुटली, तुकडा साहेबांच्या बुटावर पडला. साहेबांनी स्वतःचा हात छातीशी घट्ट धरला आणि पांढऱ्या पँटसकट ग्रीसमध्ये बसले.

शेठनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"साहेबांना डावं-उजवं कळत नाय शेठ," मी म्हटलं, "मी काय करू?"

मग मी काच दाखवली, खिसा दाखवला. चौकशीत विश्रामवर ठेवलेला ठपका शेठनी पुसायला लावला. सुलटी बाजू कळावी म्हणून काचांच्या कोपऱ्यावर लाल रंगाचे ठिपके पडले, दिवा उचलून यंत्राशेजारी आला. आधी चित्र, मग बंद यंत्रावर पाय ठेवून सराव, आणि शिकवायला विश्राम. साहेब त्याच आठवड्यात गेले.

लोक म्हणतात, शालू, तुझा सूड पुरा झाला. कसला पुरा? पहाटे माझ्याआधी जाऊन तो पट्टा कुणी काढला? साहेबांचं नावही मी आता काढत नाही. विश्रामला मात्र त्या पट्ट्यासाठी अजून माफ केलेलं नाही.