दंडाचं मुखत्यारपत्र

डॉक्टर हिंमतरावांनी कापूस भिजवला, तेवढ्यात सोजराबाईंनी कमरेच्या पिशवीतून स्टँपपेपर काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"घरच्यायचं मुखत्यारपत्र. एक माहं टोचा, एक त्यायच्या नावानं."

डॉक्टरांनी चष्मा लावला. कागद अस्सल होता. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली, तरी चिखलीच्या अर्जनवीसाने वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' लिहिलं होतं. उकंडराव वल्द किसनराव, वय अदमासे सत्तर, धंदा शेती, यांनी देवीची लस टोचून घेण्याचे सर्व अधिकार धर्मपत्नीस दिले होते. तिला टोचलेली सुई आपल्यालाच टोचली असं समजून ती आपणास कबूल व बंधनकारक राहील. खाली अंगठा. दोन साक्षीदार.

"ते स्वतः काऊन नाही आले?"

"बुलढाण्याले अकरा वर्सं दावा चालला आमचा. एक डाव गेले नाही. मुखत्यारावरच जितले." सोजराबाईंनी आवाज उतरवला. "सुईले भेतात, डॉक्टरसाहेब. खालच्या वस्तीत दोघायले देवी निघाल्या. यायले आधीच दमा. माह्या डोळ्याले डोळा नाही."

"बाई, देवीले कागद वाचता येत नाही."

"मीबी तेच म्हनलं. म्हने, तलाठ्याले तरी कुठं येते."

डॉक्टरांनी बाईंच्या एकाच दंडावर टोचलं, कागद खणात टाकला आणि यजमानांना घेऊन या म्हणून बजावलं.

सोजराबाईंनी निरोप दिला. कागद ठेवून घेतला म्हणजे काम झालं, असं उकंडरावांनी ठरवलं. टोचलेल्या माणसाचं पथ्य म्हणून त्यांनी तेल-तिखटही सोडलं.

सहाव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. पाच मैल चालून छातीतून शिट्टी वाजत होती. आत खुर्ची दिली, तरी बसले नाहीत.

"तिले ताप भरला. दंड सुजला. कालपासून उठली नाही."

"येतो तसा. दोन दिवसांत उतरेल."

"तसा कसा? तिचा एक अन् माहा एक. दोन ताप हायेत तिच्या अंगात. बासष्ट वर्सांची बाई, किती झेपन तिले?"

डॉक्टरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग म्हाताऱ्याच्या दंडाकडे पाहिलं आणि मिटलं.

"मग काय करायचं म्हणता?"

"कागद रद्द करा. माहं मी पाहीन."

डॉक्टरांनी खणातून कागद काढून त्याचे चार तुकडे केले. उकंडरावांनी ते मोजून घेतले. मग सदऱ्याची बाही सावकाश वर केली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटले.

"झालं," थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले.

उकंडरावांनी डोळे उघडले नाहीत.

"आता जो ताप येईन, तो मलेच येईन न? तिच्याकडं नाही जानार?"

"नाही जाणार."

"लिहून द्या."