सोबतचा रिमोट

"मेल्यांनी पुन्हा भाव पाडला!" सून दारातूनच म्हणाली. समोरच्या दुकानाने काचेवर नवा कागद डकवला होता. दोन्ही दुकानांत टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं मिळत; इथलं रिमोट हलवून चाले, त्यांचं हातात काही न धरता. आता ते स्वस्तही झालं.

सासरे दुकानातल्या टीव्हीसमोर उभे होते. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा उजवा हात लोंबत असे. पण रिमोट धरून पडद्यावरचा चेंडू लोटायचा म्हटलं की तो खांद्याइतका उठे. रिमोटची दोरी सून रोज त्यांच्या मनगटात अडकवी.

"आपलाही उतरव," ते म्हणाले.

"मग खायचं काय? आपली खरेदीच तेवढ्याला आहे." ती गल्ल्यापाशी गेली, पुन्हा दाराशी आली. "भाव तोच ठेवू. सोबत चेंडूचा खेळ फुकट देऊ."

दुपारी एक बाई आली. "समोर स्वस्त आहे हो."

"त्याला मागे सरकायला मोकळी जागा लागते, ताई. तुमची खोली केवढी?"

"पाय पसरले की भिंत!"

"मग हेच घ्या. वर चेंडूचा खेळ फुकट."

"अन् रिमोट एकच? आम्ही दोघी बहिणी. एक खेळणार, दुसरी काय टाळ्या पिटणार?"

सुनेने कपाट उघडून पाहिलं. मागवलेले सुटे रिमोट अजून आले नव्हते. दुसरं खोकं फोडून त्यातला काढला, तर ते रिमोटवाचून कोण घेणार? आठवडाभरात एकही खोकं खपलं नव्हतं. बाई दाराकडे वळली.

"ताई, थांबा." सासऱ्यांनी चेंडू लोटला. पडद्यावरच्या बाटल्या धडाधड पडल्या. "चालू आहे, बघून घ्या. हा रिमोटही सोबत देतो."

"बाबा, राहू द्या. तुमचा हात..."

"हात कुठं जातोय? खांद्यालाच आहे. सोडव लवकर, गिऱ्हाईक उभं आहे."

तिने घाईघाईने त्यांच्या मनगटातल्या दोरीतून रिमोट सोडवला, कपाटातली नवी दोरी लावली आणि खोक्यावर ठेवून सगळं एकत्र बांधलं. बाई खूश होऊन गेली.

"नवे आले की पहिला तुमचा," सून म्हणाली.

"आधी विकायला ठेव."

पडद्यावर चेंडू तसाच थांबून होता. तिने टीव्ही बंद केला, तेव्हा काळ्या काचेत तिला मागचे सासरे दिसले. त्यांनी हात उचलून पाहिला. तो कमरेपर्यंत आला. मनगटातली रिकामी दोरी जरा वेळ हलत राहिली.

सून पाठमोरीच काच पुसत राहिली.