नुमाइशीची शेवटची सवारी

जालन्याला भरलेल्या फिरत्या प्रदर्शनात, नुमाइशीत, रात्री नऊ वाजता सवारी निघते, हत्तींच्या अंगावर विजेचे दिवे असतात आणि रथ आपल्या आपण लुकलुकतात, ही बातमी टेंभुर्णीत साळूबाईनं आणली. साळूबाईच्या बातमीतलं बारा आणे पाणी काढून टाकावं लागतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण या वेळी सांगता सांगता ती मधेच थांबली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. साळूबाई आणि गप्प! शेजारच्या दुर्गाबाईला तिथंच खरं वाटलं.

त्या दिवसापासून तिनं नवऱ्याच्या, रामरावाच्या, मागं टुमणं लावलं. रामराव आधी हसला, मग चिडला, आणि महिना संपता संपता कबूल झाला. तोवर नुमाइशीची एकच रात्र उरली होती. हे खेळवाले मुलूखभर फिरणारे. पुन्हा जालन्यात येतील की नाही, कुणी सांगावं? आज दिसलं तर दिसलं, नाहीतर जन्मात नाही.

म्हणून दुर्गाबाईनं बेत अगदी घट्ट आखला. पाचला जालना गाठायचं. रामरावाचा मावसभाऊ मार्तंड तिथं कचेरीत कारकून होता, त्याच्या घरी हातपाय धुवायचे. सहाला जेवण, सातला जागा धरायची, नऊला सवारी. आणि जेवणासाठी चूल पेटवायचीच नाही. चूल पेटली की बाई अडकली, हे तिला वीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं. तिनं आदल्या रात्री दूध घालून पीठ मळलं, बारा दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि सगळं फडक्यात बांधलं.

मोटारीनं मात्र तिचा बेत ऐकला नव्हता. ती वाटेत दोनदा तापली आणि जालन्यात शिरायला दिवस मावळला. दुर्गाबाई ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या मोजत होती, तेवढ्यात मोटार नुमाइशीच्या मैदानावरून वळली, आणि त्याच क्षणी तिथले सगळे दिवे एकदम लागले. कुणी काडी ओढली नाही, कुणी तेल घातलं नाही. काळोखात उभा असलेला प्रचंड आकाशपाळणा वरपासून खालपर्यंत पेटला आणि फिरायला लागला. रामरावाच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. दुर्गाबाईला वाटलं, इथंच उतरावं आणि सकाळपर्यंत नुसतं उभं राहावं.

मार्तंडचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, एका बोळात होतं. दुर्गाबाई आत गेली आणि दारातच थबकली. चूल ढणढण पेटलेली होती, आणि मार्तंडची बायको तारा घामाघूम होऊन पाट्यावर पुरण वाटत होती.

"या जाऊबाई," तारा म्हणाली. "बसा. बस, आता पोळ्याच लाटायच्या."

शहरातल्या धाकट्या जावेनं पुरण घातलेलं, येसराची आमटी उकळतेय, आणि आपण तिच्यापुढं शिळ्या दशम्या काढायच्या? दुर्गाबाईनं फडकं गुपचूप पिठाच्या डब्यामागं सारलं, पदर खोचला आणि लाटणं हातात घेतलं.

पुरुषांची पंगत बसली. मार्तंडचा असा समज होता की जालन्यात पान हलतं ते त्याला विचारून. "सवारी मोठ्या दरवाज्यातूनच निघती," तो चौथी पोळी दुमडत म्हणाला. "आम्ही जाऊन बराबर जागा धरतो. तुम्ही जेवून या जल्दी." रामरावानं तृप्तीचा ढेकर दिला आणि दोघं गेले.

मागं उरल्या दोन बायका, निम्मं पीठ, उष्टी ताटं आणि आमटीचं करपलेलं पातेलं. साडेआठ झाले असावेत. लांबून बँड वाजायला लागला आणि दुर्गाबाईच्या हातातली पोळी फाटली.

"कशी असती गं ती सवारी?" तिनं विचारलं. "तू तर रोज पाहत असशील."

तारानं तव्यावरची पोळी उलटली. "वाजणं ऐकते रोज. महिना झाला."

"आन् पाह्यली न्हाई?"

"कवा पाहू? हे जेवून जातेत. मंग माझं जेवण, मंग भांडी. भांडी घासून राह्यते तवर बँड बंद होतो."

दुर्गाबाईला आजवर वाटत होतं की न बघणं हे खेड्यातल्या बाईचंच नशीब. हाकेच्या अंतरावर राहणारी ही पोरगी महिनाभर राखेचे हात घेऊन नुसती ऐकत बसली होती. तिला ताराचा इतका कळवळा आला की ती स्वतःचं दुःख विसरली.

पिठासाठी ताराचा हात डब्याकडे गेला आणि फडकं सापडलं. तिनं गाठ सोडली. "दशम्या? एवढ्या? मंग बोलल्या का न्हाई?"

"तुला शिळं कसं दाखवावं, म्हून."

"अन् मी दुपारपासून पुरण वाटून राह्यले! गावाकडचे पाव्हणे, पुरण न्हाई केलं तर नावं ठेवतील, म्हून! मला तर दशम्या बिलकुल पुरल्या असत्या, जाऊबाई."

मग दुर्गाबाई हसायला लागली, आणि तिच्यामागं तारा. हसता हसता तारा थबकली. "आवाज जवळ आला. रोज तर लांब जातो."

शेवटच्या रात्रीचा मान म्हणून सवारी आज मैदानाच्या मागच्या दरवाज्यानं निघून गावाला फेरी घालत होती.

दुर्गाबाई उठली. तारा मात्र बसूनच. "उष्टी भांडी टाकून, उपाशी उंबरा वलांडायचा? घरात लक्ष्मी राहत न्हाई म्हंतेत."

दुर्गाबाईनं कोपऱ्यातलं बांबूचं डालगं उचलून भांड्यांवर पालथं घातलं, चुलीतली लाकडं ओढून विझवली. "लक्ष्मीला म्हणावं, घटकाभर बस. आम्ही आलोच." आणि तिनं ताराचा हात धरून तिला ओढलं.

दोघी बोळाच्या तोंडाशी पोचल्या आणि उजेड त्यांच्या अंगावर आला.

पुढं हत्ती होता. त्याच्या कपाळावर, कानांच्या कडेनं, सोंडेच्या टोकापर्यंत लाल-हिरवे दिवे, आणि तो चालला की सगळे हलत. त्याच्यामागं मोराचा रथ. मोराचा पिसारा मिटे, काळोख होई, आणि पुन्हा उघडला की शेकडो निळे डोळे पेटत. त्याच्यामागं नदी: दिवेच पाण्यासारखे वाहत होते, आणि त्या पाण्यात एक नाव, नावेत पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी. सर्वांत शेवटी गाडीवर या साऱ्या दिव्यांना वीज पुरवणारं इंजिन धडधडत होतं. माणसं दुतर्फा उभी होती, पण कुणी ओरडत नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना लोक जसे उभे राहतात, तशी उभी होती.

हत्ती त्यांच्यापुढंच थांबला. दुर्गाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ लागलेले ते हात लाल झाले, हिरवे झाले, निळे झाले. एवढं सुंदर या जगात असतं, आणि ते आपल्यावरही पडतं! तिला हुंदका आवरेना. तारा तिच्या दंडाला घट्ट बिलगली होती आणि तिच्या तोंडातून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: "आई... आई..."

शेवटचा दिवा वळणाआड गेला तरी दोघी तशाच उभ्या होत्या. मग परत आल्या आणि पानं वाढून जेवायला बसल्या.

तेवढ्यात पुरुष आले. मार्तंड घुश्शात होता. मोठ्या दरवाज्याशी दोन तास पहिल्या रांगेत बसून त्यांना काय दिसलं, तर फेरी संपल्यावर, इंजिन बंद झाल्यावर आत शिरणारा काळाकुट्ट हत्ती. "कळवायला पाह्यजे होतं लोकांनी," असं म्हणत तो बाजेवर आडवा झाला.

रामराव मात्र तसाच चुलीपाशी आला आणि बायकोसमोर उकिडवा बसला. "तू पाह्यली?"

दुर्गाबाईनं मान हलवली.

"खरंच लुकलुकतं का?"

ती सांगायला लागली. हत्तीचे कान सांगितले, मोर सांगितला. रामराव लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात दुरडीकडे गेला आणि त्यानं एक पोळी तिच्या ताटात ठेवली. नदी आली तेव्हा वर तूप वाढलं. "मंग? मंग नाव कशी चालली?" त्यानं विचारलं आणि आणखी एक पोळी वाढली. आपण काय करतो आहोत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तारानं ते पाहिलं आणि खाली मान घातली. दुर्गाबाईनंही पाहिलं. तिचं पोट केव्हाच भरलं होतं. पण ती सांगत राहिली, आणि तो वाढत राहिला.