एक टेबल, एक मत

राष्ट्राध्यक्ष मॅडिसनवर किझाया थॉर्नलीचा राग होता, आणि तो एका नव्हे, दोन कारणांनी. १८१४च्या ऑगस्टात इंग्रजी फौज वॉशिंग्टनवर चालून आली तेव्हा हा गृहस्थ घोड्यावर बसून नदीपार गेला. मागे इंग्रजांनी सरकारी इमारती पेटवल्या आणि उडालेल्या ठिणग्यांनी किझायाच्या घराचं अर्धं छप्पर खाल्लं. दोन-तीन दिवसांत गृहस्थ परतला, दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड केलं आणि या जळक्या गावातच काँग्रेसचं अधिवेशन बोलावलं, हे खरं. पण पळाला तो पळालाच.

दुसरं कारण म्हणजे पिकार्ड.

किझायाच्या घरी काँग्रेसचे पाच प्रतिनिधी राहायला होते, त्यांतला हा मॅसॅच्युसेट्सचा. न्याहारीला बसला की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. मॅडिसन भित्रा, मॅडिसन मठ्ठ, लढाई त्याने ओढवली, राखही त्याचीच. टेबलावर बोलून भागत नाही म्हणून तेच खाली सही करून वर्तमानपत्रात छापायचा. महिनाभर ऐकून ऐकून किझायाचे कान किटले होते.

"डॉर्कस, लढाई चालू आहे ना गं?" ती स्वयंपाकघरात येऊन म्हणायची. "मग या माणसाला कुणी आत का टाकत नाही?"

डॉर्कस तिची स्वयंपाकीण. गुलाम नव्हे, स्वतंत्र बाई, पगारावर होती, आणि पगारात जीभ आवरायचं ठरलेलं नव्हतं. "राष्ट्राध्यक्षांनी आजवर एकालाही टाकलं नाही म्हणे, बाई."

"म्हणून तर गाव जळलं! घरच्या माणसाचं तोंड बंद करता येत नाही, तो इंग्रजांचं काय करणार, डोंबल!"

आज मात्र किझायाला वेगळीच काळजी होती. राजधानी इथून उचलून फिलाडेल्फियाला न्यायची की नाही, यावर काँग्रेसमध्ये आज मत पडायचं होतं. मॅडिसन इथेच राहायचं म्हणत होता. पण सरकार गेलं, की या चिखलात उरणार काय? गाई. आणि गाई काही भाड्याने खोल्या घेत नाहीत. नवऱ्याने हे घर विटेवर वीट ठेवून बांधलं होतं, आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

एका घरात राहणारे प्रतिनिधी बहुतेक एकाच बाजूने मत देत. या घरात तर तसा नियमच होता. न्याहारीला हात वर करायचे आणि जिकडे जास्त हात तिकडे पाचही जणांनी जायचं. 'एक टेबल, एक मत.' नियम पिकार्डनेच केला होता, सगळ्यांकडून शब्द घेऊन. पिकार्ड आणि न्यूयॉर्कवाला जायच्या बाजूने. व्हर्जिनियाचे दोघे राहायच्या. उरला व्हरमाँटचा म्हातारा विटलॉक. तो आठवडाभर मत न सांगता नुसता घास चावत होता.

किझायाने शेवटचं चांगलं हॅम काढलं, मक्याचा पाव केला. विटलॉकने तुकडा तोंडात घातला.

"धुराचा वास येतो, बाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येणारच! पीठ वाचलं तेच नशीब! फिलाडेल्फियात मिळेल तुम्हाला बिनवासाचा पाव. जा सगळे!"

"बघा," पिकार्ड खूश होऊन म्हणाला, "बाईसुद्धा जा म्हणतात. हा वास मॅडिसनचा आहे, विटलॉक. इतका नालायक माणूस या देशाने पाहिला नाही. मी हे छापलंय, उद्या पुन्हा छापीन."

झालं, आपल्याच जिभेने घर घालवलं, असं किझायाला वाटलं.

विटलॉकने काटा खाली ठेवला. "पिकार्ड, किती दिवस छापताय?"

"लढाई सुरू झाल्यापासून. दोन वर्षं."

"कुणी आलं न्यायला?"

"मला?" पिकार्ड हसला. "त्याची छाती आहे?"

"माझा मेहुणा छापखाना चालवायचा," विटलॉक म्हणाला. "सोळा वर्षांपूर्वी त्याने राष्ट्राध्यक्षांबद्दल चार ओळी छापल्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वेगळे, कायदाही वेगळा, सरकारविरुद्ध छापलं की कोठडी, असा. तुमच्याच पक्षाने केलेला. लढाई जाहीरसुद्धा झाली नव्हती. चार महिने कोठडीत होता भर थंडीत. खोकला घेऊन आला, तो गेला नाही. बहीण विधवा झाली." त्याने ताट बाजूला सारलं. "या मॅडिसनचं घर जाळलं इंग्रजांनी. तरी तुम्ही इथे बसून, हॅम खात, त्याला शिव्या घालताय. रोज. मला तुमचा वीट आलाय, पिकार्ड, देवाशपथ वीट आलाय. पण तुम्हाला कुणी हात लावला नाही. तो म्हणतो इथे राहू, तर त्याचं एवढं मी ऐकीन."

आणि त्याने व्हर्जिनियावाल्यांबरोबर हात वर केला.

पिकार्डचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नियम त्याचा, शब्द त्याने घेतलेला. घोटभर कॉफी ढोसून तो चौघांमागून निघाला.

दुपारी डॉर्कस बाजारातून धावत आली. "पडला राजधानी हलवायचा ठराव! नऊ मतांनी!"

किझायाने बोटांवर हिशेब केला. हे पाच तिकडे गेले असते, तर एका मताने राजधानी गेली असती. पदर नसल्याने ती पीठ लागलेल्या एप्रनलाच डोळे पुसू लागली. महिनाभर ज्याचं तोंड बंद व्हावं म्हणून तिने देवाला साकडं घातलं, त्या तोंडानेच तिचं घर राखलं होतं.

फेब्रुवारीत तहाची बातमी आली. गावभर मेणबत्त्या लागल्या. पिकार्ड न्याहारीला म्हणाला, "तहात एक वीत जमीन मिळाली नाही. मॅडिसन मठ्ठ तो मठ्ठच."

किझायाने त्याला पावाचा मोठा तुकडा वाढला आणि आत गेली.

"आता तुमचा तरी राग गेला का राष्ट्राध्यक्षांवरचा?" डॉर्कसने विचारलं.

"गेला? माझं छप्पर कोण देणार? पळपुटा मेला!" किझाया खिडकी उघडून रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग डॉर्कसकडे वळली. "बोलून घेते गं. पुढचा राष्ट्राध्यक्ष कसा निघेल कुणास ठाऊक."