पलीकडून ‘मिळालं’ येईपर्यंत

मी एक टॅब बोलतोय. संगणकाच्या पडद्यावर वरच्या कडेला चिकटलेली इवलीशी पट्टी असते ना, तो मी. माझ्या एका चुलत भावाने म्हणे पाच मजली इमारत पलीकडे पोचवली, जिन्यासकट. नकाशा होता तो, पण चारचौघांत आम्ही तेवढं गाळतो.

फाईल या संगणकातून थेट त्या संगणकात नेणं हे माझं काम. स्वतःजवळ मी काहीच ठेवत नाही. म्हणून फाईल पोचेपर्यंत दोन्हीकडे जाग हवी.

माझा जन्म एका निवृत्त वायरमनच्या टेबलावर झाला. खोली सोडली की बटण बंद, हा त्यांचा जन्माचा नेम. बायको गेल्यापासून घरात एकच दिवा लागायचा, ते असतील तिथला.

त्यांची मुलगी दूरच्या शहरात शिवणकाम करते. तिला एक व्हिडिओ पाठवायचा होता. त्यात तिची आई कोटाचं काज करून दाखवते आणि मधेच कॅमेरा धरलेल्या नवऱ्याला झापते. तिचा आवाज उरला होता तो एवढाच.

मी माझे नियम पुढे मांडले. दुसऱ्याचं काही त्याला न विचारता पाठवू नका. लिंक ज्याच्या हाती पडेल तो फाईल घेईल, तेव्हा ज्याची त्यालाच द्या. काय पाठवता याची जबाबदारी तुमची. आणि पोचेपर्यंत मला उघडं ठेवा. वाचतंय कोण? लग्नालासुद्धा माणसं इतक्या झटपट हो म्हणत नाहीत. ‘मान्य आहे’ दाबून त्यांनी लेकीला लिंक धाडली आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. झालं काम.

मी अंधारात. तिकडे लेक लिंक दाबून दाबून थकली, हे मला मागाहून कळलं.

झाकण उघडलं ते दुसऱ्याच कामाला. जागा भरली म्हणून संगणक केव्हाचा कुरकुरत होता. व्हिडिओ तर पाठवलाय, मग इथे कशाला, असा त्यांचा हिशेब. ‘कायमचं पुसायचं?’ असं संगणकाने विचारलं. मला ओरडायला तोंड नाही. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, टॅब बंद केलात का?”

“झाकण मिटलं होतं. काम झालं की बंद करायचं.”

“नुसती लिंक आलीय. रिकामी पिशवी. आईचा व्हिडिओ अजून तुमच्याकडेच आहे.”

त्यांचं बोट ‘नाही’वर जायला फार वेळ लागला.

मग झाकण पडू नये म्हणून त्यांनी मागे उशी लावली आणि समोर बसून राहिले. आम्ही दोघं कामाला लागलो, मी नेण्याच्या, ते बघण्याच्या.

“मिळालं, बाबा,” लेक म्हणाली. “आई म्हणतेय, हात हलवू नका.”

टेबलावरचा त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

“आता करा टॅब बंद.”

“राहू दे जरा.”

तुम्हीही कुणाला काही पाठवाल, तेव्हा पलीकडून ‘मिळालं’ येईपर्यंत थांबा. एवढंच मागणं.

लेकीने तिच्याकडचं बंद केलं. बाबांनी जाताना खोलीतला दिवा मालवला. पलीकडे आता कुणी नाही, तरी मी उघडाच आहे. मागे उशी आहे.