युरोपावरचा बांध

भातसानगरच्या धरणावर नोकरीला असलेला दामू आणि त्याचा शेजारी लडकू, दोघांना वेड एकच: गुरू ग्रहाचा चंद्र युरोपा. यानाने धाडलेले कच्चे फोटो दामूच्या संगणकावर उतरवायचे, उजळायचे आणि चहा गार होईपर्यंत त्यावर वाद घालायचे.

दोघांची भातखाचरंही लागूनच होती, पण तो विषय दामू काढत नसे. दर उन्हाळ्यात लडकू मधला बांध चार बोटं कोरून आपल्या खाचरात घ्यायचा आणि दामू दातओठ खात गप्प बसायचा. भांडण झालं तर युरोपा बघायचा कोणाबरोबर?

त्या रविवारी दामूने जुन्या यानाचा फोटो नव्या फोटोशेजारी लावला. युरोपाच्या बर्फावरचे तडे अगदी खाचरांच्या बांधांसारखे दिसतात. त्यातला एक काही केल्या जुळेना. दामूचं टाळकंच सटकलं.

"हा बांध सरकलाय रे! कोणीतरी कोरलाय!"

नवा फोटो तिरका घेतलेला होता, एवढंच. लडकूला ते एरवी लगेच कळलं असतं. पण त्याला दरदरून घाम फुटला.

"आईशप्पथ दामू," तो म्हणाला, "तिकडचा मी नाय कोरला."